मर्यादेतला आवाज

अलीकडे आपल्या गावांत आणि शहरांत एक नवे वाक्य रूढ झाले आहे. गणपती असोत, नवरात्र असो, कोणाची जयंती असो की कोणाच्या पोराची वरात असो. रात्रीची वेळ असते, खिडकीची तावदाने थरथरत असतात, आतल्या खोलीत घरातले म्हातारे माणूस कानावर उशी दाबून पडलेले असते, आणि कर्ता पुरुष शेवटी पायांत चपला सरकवून खाली जातो. तेथे त्याला मोठ्या अदबीने सांगण्यात येते, "काका, आवाज मर्यादेत आहे. मीटर लावून बघितलाय." काका जसे गेले तसे परत येतात.

पूर्वी याच ठिकाणी वेगळी उत्तरे मिळत. "वर्षातून एकदाच असतं हो!" किंवा "देवाचं काम आहे," आणि फारच झाले तर "सण सोसत नसेल तर चार दिवस गावाला जा." ही उत्तरे उद्धट होती खरी, पण ती माणसांची होती आणि माणसांशी भांडता येते. आकड्याशी भांडायचे कसे? यंत्राच्या चौकोनात ७२ असे उमटलेले असते, आणि शिकल्या-सवरल्या माणसाला आकड्यापुढे मान तुकवण्याची सवय जडलेली असते.

मला या लेखात त्या आकड्याशीच भांडायचे आहे. तो खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो खराच आहे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो पुढे केला जातो, त्या प्रश्नाचे ते उत्तरच नाही. मी काही पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. दिवसा शाळेत मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण हा विषय मुळात इतका सरळ आहे की, तो माझ्यासारख्या मास्तराला कळतो तर नियम करणाऱ्यांना का कळू नये, हे मला उमगत नाही.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फराळाच्या ताटापासूनच सुरुवात करू. बेसनाचा लाडू काट्यावर ठेवला तर त्याचे वजन कळते. त्यात साखर किती पडली आहे, तेही तोलून सांगता येते. पण गोडी? गोडी काट्यावर बसत नाही. ती खाणाऱ्याच्या जिभेवर जन्माला येते. आवाजाचेही असेच आहे. कोठेतरी काहीतरी थरथरते, हवेचा दाब कमीजास्त होतो, आणि ती लाट आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. हा दाब यंत्राला बिनचूक मोजता येतो. ही झाली साखर. त्या दाबामुळे 'आवाज केवढा मोठा आहे' अशी जी जाणीव आपल्याला होते, ती गोडी. मीटर साखर मोजतो. आपली तक्रार मात्र गोडीविषयी असते. हवेचा दाब वाढला म्हणून आजवर कोणी चौकीवर गेलेला नाही.

आता साखर दुप्पट केली की गोडी दुप्पट होते काय? येथे पणतीचा दाखला घ्यावा. काळोख्या देवघरात पहिली पणती लावली की सारे घर उजळल्यासारखे होते. अंगणात शंभर पणत्या लागलेल्या असताना एकशे एकावी लावली तर शेजारणीच्या लक्षातसुद्धा येत नाही. तेल तेवढेच, वात तेवढीच, ज्योत तेवढीच. पण जाणिवेच्या हिशेबात दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर. जर्मनीतल्या लाइपझिगचे गुस्टाव्ह फेख्नर यांनी १८६० साली हीच गोष्ट सूत्रात बसवली: जाणीव बेरजेने वाढायची असेल तर तिचे कारण गुणाकाराने वाढावे लागते. या सूत्रात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण रोख खरा होता.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या दूरध्वनी-अभियंत्यांनी तारेतून जाणारा संदेश मोजण्यासाठी अशीच गुणाकाराची शिडी केली आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून तिच्या पायरीला डेसिबल म्हटले. आवाजाच्या बाबतीत या शिडीचा शून्य म्हणजे तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल एवढा ध्वनी. तेथून दर दहा पायऱ्यांना ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ६० चे ७० झाले म्हणजे दहापट, ८० झाले म्हणजे शंभरपट, ९० झाले म्हणजे हजारपट. "साठाचे नव्वद झाले, दीडपटच तर वाढ आहे," असे एखादा कार्यकर्ता म्हणतो तेव्हा तो नकळत हजारपटीला दीडपट म्हणत असतो.

पण डेसिबल ही अजूनही साखरच. गोडी कशी मोजावी? येथे शास्त्रज्ञांनी जे केले ते मला फार थोर वाटते. त्यांनी माणसांना विचारले.

ड्रेस्डेनचे प्राध्यापक हाइनरिख बार्कहाउझेन यांनी त्याच दशकात युक्ती काढली की, एका कानाशी यंत्राचा ठरावीक गुंजारव धरायचा, दुसरा कान बाहेरच्या गोंगाटाकडे मोकळा ठेवायचा, आणि दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत यंत्राची कळ फिरवायची. 'फोन' हे मोठेपणाचे एकक सुचवले ते त्यांनीच. पुढे १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हेच काम पद्धतशीरपणे केले. ऐकणाऱ्याच्या कानाला श्रवणयंत्र लावायचे, सेकंदाला १००० कंपनांचा एक स्वर ऐकवायचा, मग खालच्या किंवा वरच्या पट्टीतला दुसरा स्वर ऐकवायचा आणि विचारायचे: यांतला मोठा कोणता? आता? आणि आता? दोन्ही सारखे वाटले की टिपून घ्यायचे. अशा शेकडो उत्तरांतून त्यांनी समान मोठेपणाच्या रेषा काढल्या.

त्या रेषांनी दाखवून दिले की आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. तीन-चार हजार कंपनांच्या आसपास तो सर्वांत तिखट असतो, कारण अडीच सेंटिमीटरच्या आपल्या कर्णनलिकेत हेच स्वर घुमतात. उलट खर्जाच्या बाबतीत तो मंद. १००० कंपनांचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० कंपनांच्या घुमाऱ्याला आजच्या रेषांप्रमाणे सुमारे ७८ डेसिबल लागतात. या दोन्हींना मग '४० फोन' असेच म्हणायचे. साखर वेगवेगळी, गोडी एक.

१९३६ साली हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: सारखा कोणता हे कळले, पण दुप्पट कोणता? त्यातून 'सोन' हे एकक आले. ४० फोन म्हणजे १ सोन. आणि पुढच्या अभ्यासातून ठोकताळा ठरला तो असा की, दर १० फोनांना मोठेपणा दुप्पट होतो. ५० फोन म्हणजे २ सोन, ६० म्हणजे ४, ७० म्हणजे ८. १९५६ मध्ये ब्रिटनच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी रेषा पुन्हा काढल्या. २००३ साली जपान, जर्मनी, डेन्मार्क, ब्रिटन, अमेरिका अशा देशांतली नवी उत्तरे गोळा करून आंतरराष्ट्रीय मानक पुन्हा दुरुस्त झाले, आणि मोठी दुरुस्ती झाली ती खर्जाच्याच भागात. सत्तर वर्षे शास्त्र पुन्हा पुन्हा माणसाच्या दाराशी गेले आणि विचारत राहिले, "तुम्हांला कसे ऐकू येते?" आपल्याकडे मात्र शास्त्राचे नाव घेऊन नेमके हेच विचारण्याचे टाळले जाते.

आता त्या मीटरकडे वळू. फ्लेचर-मन्सनच्या रेषा हाती आल्यावर आवाज मोजणाऱ्या यंत्रात कानाची थोडी नक्कल घालता येईल असे अभियंत्यांना वाटले. १९३६ साली अमेरिकेत अशा यंत्राचे मानक ठरले. अडचण अशी की, कानाची खर्जाबद्दलची मंदता नेहमी सारखी राहत नाही. आवाज हलका असताना खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढत गेला की खर्ज भराभर वर येतो आणि इतर स्वरांच्या बरोबरीला पोचू लागतो. म्हणून पट्ट्या एकाहून अधिक कराव्या लागल्या. हलक्या आवाजासाठी 'ए' पट्टी, ४० फोनांच्या रेषेवरून बेतलेली. ती खर्जात भरपूर वजावट करते. मध्यम आवाजासाठी 'बी'. आणि मोठ्या आवाजासाठी खर्जात जवळजवळ काहीच न कापणारी पट्टी, जिला 'सी' म्हणतात. त्या काळचा ढोबळ संकेत असा होता की ५५ डेसिबलपर्यंत 'ए' वापरावी, ५५ ते ८५ 'बी', आणि त्यावर 'सी'.

पुढे सोय जिंकली. तीन पट्ट्या सांभाळण्यापेक्षा एकच बरी, म्हणून जगभर 'ए' रूढ झाली आणि 'बी' तर आंतरराष्ट्रीय मानकातून गळूनच पडली. आपल्या देशात १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, त्यांतही 'ए' पट्टीच आली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खाली टीपही आहे की, ही पट्टी मानवी श्रवणाशी जुळणारी आहे.

जुळते, पण केव्हा? आवाज हलका असेल तेव्हा! ती बेतली गेली ५५ पर्यंतच्या आवाजासाठी, आणि आपली निवासी मर्यादाही नेमकी ५५. म्हणजे आवाज कायद्याच्या आत असतो तोवर हा मीटर कानाशी इमान राखतो, आणि आवाजाने कायद्याची वेस ओलांडली की त्याचे इमान सुटू लागते. चोर घरात शिरेपर्यंत जागा राहणारा आणि शिरताच पेंगणारा राखणदार म्हणावा तसा हा प्रकार आहे.

उदाहरणाने पाहू. ५० कंपनांचा घुमारा १०२ डेसिबलचा आहे असे धरा. या पट्टीवर 'ए' मीटर त्यातून ३० कापतो आणि दाखवतो ७२. 'सी' पट्टी लावली तर तोच मीटर १०१ दाखवील. आणि कान काय म्हणतो? २००३ च्या रेषांप्रमाणे तो सुमारे ८० फोन म्हणतो. म्हणजे मीटर सांगतो त्याहून प्रत्यक्ष जाणीव जवळजवळ पावणेदोन पट मोठी. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० ने अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. व्यापारी विभागातल्या माळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ७२ म्हणजे 'मर्यादेत'! काकांना मिळालेले उत्तर कायद्याने बरोबर होते, हेच तर दुःख आहे.

आणखी एक हिशेब पाहा. १००० कंपनांच्या स्वराला ४० फोनांवरून ८० फोनांवर जायला ४० डेसिबल चढावे लागते. ५० कंपनांचा घुमारा हीच मजल ७८ वरून १०२ पर्यंत, म्हणजे अवघ्या २४ डेसिबलांत गाठतो. चाळीसचे ऐंशी फोन म्हणजे सोळापट मोठेपणा. कळ जरा पुढे सरकवणाऱ्या मुलाला वाटते, थोडेच तर वाढवले. वरच्या मजल्यावरच्या आजींना वाटते, घर कोसळले. दोघेही खरे बोलत असतात.

कोणी शास्त्र जाणणारा येथे म्हणेल, "मास्तर, मिरवणुकीत एकच स्वर कोठे असतो? गाणे असते, टाळ्या असतात, वरचे स्वर असतात, आणि ते मीटरमध्ये भरतात." अगदी बरोबर. पण मीटर रस्त्यावर असतो आणि माणूस घरात. भिंती आणि बंद दारे वरचे स्वर बरेचसे अडवतात. खर्ज त्यांतून सहज आरपार येतो. म्हणून मागल्या गल्लीतल्या आतल्या खोलीत गाण्याचे शब्द पोचत नाहीत, चाल पोचत नाही, पोचतो तो फक्त धप्-धप् असा ठोका. आणि तेथे 'ए' मीटर नेला तर तो नेमका तोच ठोका वजा करून आकडा सांगतो.

या ठोक्याला आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणतात. शब्दांचे नशीबही कसे असते पाहा! रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीवरची नको ती खरखर घालवण्यासाठी. गाण्यातला गोंगाट कमी करणे हे ज्याच्या कीर्तीचे मूळ, त्याचे नाव आपण भिंती हादरवणाऱ्या खोक्यांच्या उतरंडीला देऊन बसलो. कुंभकर्णाला जागरणाचा आश्रयदाता करावे, तसेच हे झाले.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप असा: जगभर 'ए' पट्टीच चालते, तेथल्या लोकांना काही कळत नाही काय? कळते, आणि म्हणूनच ते तिच्या जोडीला दुसरे काही ठेवतात. रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट, कारखान्यात कामगाराच्या कानाला होणारी इजा, यांचा अंदाज 'ए' पट्टी बऱ्यापैकी देते. तेथून तिला हाकला असे मी म्हणत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वस्त्यांतल्या गोंगाटाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, खर्ज ठळक असेल तेथे 'ए' पट्टी अपुरी पडते; 'सी' आणि 'ए' यांच्या आकड्यांत १० हून अधिक फरक दिसला तर स्वरांची फोड करून तपासावे. जर्मनीत घरात शिरणाऱ्या खर्जासाठी वेगळे मानकच आहे. संपूर्ण मोठेपणा गणिताने काढण्याची एबरहार्ट त्स्विकर यांची पद्धतही आंतरराष्ट्रीय मानकात आहे. म्हणजे औषध तयार आहे. आपल्या दवाखान्यात ते मागवलेले नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा: मोठेपणा ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे, तुम्हांला त्रास होतो, दुसऱ्याला आनंद होतो, मोजायचे काय त्यात? हा आक्षेप वरवर उदार वाटतो, पण तो सर्वांत अन्यायी आहे. माणसामाणसांत फरक असतोच. पण अनेकांना नीट विचारले तर उत्तरे एका रेषेभोवती जमतात, आणि फ्लेचर-मन्सनपासून आजवरचे सारे काम त्याच बळावर उभे आहे. आवड-निवड वेगळी आणि मोठेपणा वेगळा. जिलेबी आवडणारा आणि न आवडणारा, दोघेही ती गोड आहे हेच सांगतील. आवाज मोठा आहे हे नाचणाऱ्यालाही कळते. तो मोठा आहे म्हणूनच तर तो नाचत असतो.

तिसरा आक्षेप परंपरेचा. आपले सण गाजत-वाजतच होत आले, मग आताच कुरकुर का? मी सणांचा वैरी नव्हे. ढोल-ताशा अंगात आला की पाय थरारतात, पहाटेचा चौघडा ऐकला की डोळे भरून येतात, माझेही येतात. पण ढोल वाजवणाऱ्याला हात असतात आणि हात दमतात. सनई वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. जुन्या वाद्यांची मर्यादा वादकाच्या देहातच होती. ती मोजायला मीटर लागत नसे. लोकमान्यांनी १८९० नंतरच्या दशकात गणेशोत्सव चौकात आणला तेव्हा आवाज वाढवणारे विजेचे यंत्र जन्मालाही यायचे होते, आणि त्यावाचून मेळे गाजले, व्याख्याने गाजली. विजेला थकवा नाही. म्हणून तिच्यापुढे बाहेरची मर्यादा लागते, आणि ती खरी लागते.

आपले सरकार या बाबतीत अगदीच अजाण आहे असेही म्हणता येत नाही. दिवाळीत उडवायच्या फटाक्यांसाठी १९९९ साली नियम झाला, त्यात चार मीटरवरून होणाऱ्या धडाक्याची एक मर्यादा १४५ डेसिबल अशी दिली आहे, आणि ती 'सी' पट्टीवर, क्षणिक शिखराची. म्हणजे मोठ्या, दणदणीत आवाजाला 'ए' पट्टी एकटी पुरत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. फटाक्याला 'सी' आणि डॉल्बीला मात्र 'ए', हा पंक्तिप्रपंच कशासाठी? फटाका क्षणभर वाजतो, डॉल्बी रात्रभर.

आणि दाद मागण्याची पायरी तर पाहा. नियम म्हणतो, आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक वाढला तर नागरिकाला तक्रार करता येईल. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर वेगळी मुभा आहे. पण दिवसाढवळ्या ही दहाची अट उभीच. १० हा आकडा कागदावर किती चिमुकला दिसतो! परंतु १० डेसिबल म्हणजे ऊर्जेने दहापट आणि स्टीव्हन्सच्या हिशेबाने मोठेपणात दुप्पट. दुधात निम्मे पाणी निघाले तरच तक्रार नोंदवू, असे कोणी गवळी म्हणाला तर आपण त्याला उंबऱ्यावर उभे करू काय? २००५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांतपणे जगण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी जोडला आणि आपला आवाज दुसऱ्यावर लादण्याचा हक्क कोणालाही नाही असे सांगितले. एवढा मोठा हक्क, आणि त्याच्या दाराला दुपटीचा उंबरा!

बदल होत नसतो असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम चालू असताना जाहिरात लागली की ती अंगावर धावून येते, ही तक्रार अमेरिकेत आणि युरोपात वर्षानुवर्षे होती. वाहिन्यांचे उत्तर ठरलेले: "आवाज मर्यादेत आहे." तेही खोटे नव्हते. मर्यादा होती आवाजाच्या शिखराला. जाहिरातदार शिखर तेवढेच ठेवीत आणि मधल्या दऱ्या भरून काढीत, त्यामुळे सारा वेळ आवाज शिखराशी चिकटून राही. शेवटी अभियंत्यांनी पुन्हा तेच जुने काम केले. लोकांना बसवले, ध्वनिमुद्रणे ऐकवली, सारखी कधी वाटतात ते विचारले, आणि उत्तरांशी जुळेल अशी नवी मोजणी बेतली. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती स्वीकारली. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघाने तिच्यावर आधारलेली शिफारस केली. त्याच वर्षी अमेरिकेने जाहिरातींच्या आवाजावर कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकाच्या कानासाठी एवढे होऊ शकते, तर अंथरुणावर पडलेल्या आजाऱ्याच्या कानासाठी का होऊ नये?

माझे मागणे फार मोठे नाही. मोजताना 'ए' आणि 'सी' असे दोन्ही आकडे टिपावेत. बहुतेक चांगल्या यंत्रांत दोन्ही पट्ट्या असतात. एक कळ दाबायची आहे. दोहोंत १० हून जास्त अंतर पडले तर 'मर्यादेत' हा शब्द उच्चारू नये. मोजणी रस्त्यावर तर व्हावीच, पण तक्रार करणाऱ्याच्या खोलीतही व्हावी. साखर दुकानात मोजून गोडी घरात ठरवू नये. दाद मागण्यासाठी घातलेली दुपटीची अट काढून टाकावी. आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की, खोकी रचण्यापूर्वी आसपासच्या चार घरांत एकाला पाठवावे. आजारी कोण आहे, तान्हे कोठे आहे, परीक्षा कोणाची आहे, एवढे विचारून यावे. वर्गणीच्या वेळी हीच दारे बरोबर सापडतात.

यात शास्त्राविरुद्ध काही नाही. उलट असे विचारणे हेच या शास्त्राचे मूळ आहे. फोन, सोन, रेषा, पट्ट्या, सारे काही माणसाला विचारून झाले आहे. उद्या कोणी यंत्र पुढे करून "आवाज मर्यादेत आहे" असे म्हणाला तर वाचकांनी गप्प बसू नये. शांतपणे विचारावे: कोणती पट्टी? कोठे उभे राहून मोजलेत? आणि वर येऊन कोणाला विचारलेत?